देवघरातलं कव्हर

चंदनाचा वास आला की मला तंजावरची ती सकाळ आठवते. तिरुवैयारुला अक्काची वीणेची परीक्षा होती आणि आमची पहिलीच, जुनी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडत होती. वीणा सांभाळत मागे बसलेली अक्का रडकुंडीला आली. शेजारच्या मेकॅनिकने किल्ली निरखली. "कव्हर नवं दिसतंय. जुनं टाकलंत? गाडीला किल्लीची ओळख पटवणारी चिप त्यातच राहिली असणार." "टाकीन कसं? पहिल्या गाडीचं आहे ते!" म्हणत अप्पा देवघरात धावले. काल स्वतःच बदललेलं ते फुटकं कव्हर त्यांनी चंदन लावून देवापुढे ठेवलं होतं. ते किल्लीला बांधून फिरवताच गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. आज अक्काच्या शिष्येची परीक्षा आहे. कव्हर अजून किल्लीलाच बांधलेलं आहे. चंदन आता मी लावते.