चौथ्या प्लगचा पाव फेरा

सकाळी आंघोळ उरकून मी पूजेला बसत होतो, तेव्हा अक्काचा फोन आला. "शिवा, दाजी उठंनात," एवढेच ती म्हणाली. मी डॉक्टर, गाडी, दवाखाना असे काहीबाही भरभर बोलत राहिलो. तिने मला पूर्ण बोलू दिले आणि मग अगदी हळू म्हणाली, "त्याचं काम न्हाई राहिलं रे. तू ये." अंबाजोगाईहून घाटनांदूर फार लांब नाही. तिच्या दारात पोहोचलो तर दाजींची जुनी पिकअप नेहमीच्या लिंबाखाली उभी होती, आणि तिला पाहून क्षणभर वाटले की अक्काची काहीतरी चूक झाली असावी. गाडी दारात आहे म्हणजे दाजी घरात आहेत, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो... आणि त्या दिवशीही ते घरातच होते.

दाजी म्हणजे मन्मथअप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पेठेत त्यांचे लहानसे किराणा दुकान होते आणि त्याच्या जोडीला ही पिकअप. आसपासच्या गावांतील दुकानांना माल पोहोचवायचा, हंगामात डोंगरपट्ट्यातील सीताफळे बाजारात न्यायची, हा त्यांचा क्रम. सगळ्या तालुक्याच्या गाड्या डिझेलवर गेल्या, तरी दाजींची पेट्रोलवरच राहिली. लोक हसत. दाजी म्हणत, "डिझेलच्या गाडीला प्लगच न्हाई. मंग खंडेनवमीला तिचं करायचं काय? नुसतं तोंड धुवायचं?"

खंडेनवमीला आपल्याकडे सगळेच गाड्या धुतात, हार घालतात. दाजींना तेवढे पुरत नसे. पोटातले जुने तसेच ठेवून वरून हार घालणे ही त्यांच्या मते गाडीशी केलेली लबाडी होती. म्हणून नवमीला पूजेआधी चारही स्पार्क प्लग नवे बसायचे, आणि ते काम माझ्याशिवाय होत नसे. मी शाळकरी होतो तेव्हापासूनचा हा रिवाज. इंजिन रात्रभर गार झालेले असे. आधी सायकलच्या पंपाने प्लगच्या भोवतीची धूळ उडवायची, मग एका वेळी एकच वायर काढायची, कारण वायरींची अदलाबदल झाली की गाडी फटफटू लागते. निघालेल्या प्लगचे टोक ते उन्हात धरून पाहत आणि ओट्यावर झेंडूचे हार ओवत बसलेल्या अक्काला दाखवत. "बघ, बिस्किटासारखा रंग हाय. तब्येत लई चांगली हाय गाडीची." अक्का वर न पाहता म्हणे, "तुमच्यापरीस बरी हाय मंग."

नवा प्लग मात्र ते कुणाला लावू देत नसत. दोन बोटांत धरून आधी किंचित उलटा फिरवायचे. आटा आट्यात पडला की बोटांना कळते म्हणत. मग सुलटा, अगदी तळाला टेकेपर्यंत, केवळ बोटांनी. पान्याने सुरुवात केली आणि आटा वाकडा चढला, तर इंजिनचे हेडच उतरवावे लागते. एवढे झाले की ते बाजूला सरत आणि मला म्हणत, "या पाव्हणं, तुमचा मान." शेवटचा आवळ माझा असे. मी पाना लावून जोर द्यायचो; दाजी इंजिनवर तळवा ठेवून भलतीकडेच पाहत उभे राहायचे आणि कधीतरी म्हणायचे, "बस." कधी पाव फेरा, कधी त्याहून थोडा कमी. एकदा मी विचारले, "दाजी, तुम्हाला कळतं कसं?" म्हणाले, "आवाज येतो की बे. बारीक कुरकुरतंय, मंग गप होतंय. तुला न्हाई येत?" मला कधीच आला नाही. त्यांचे 'बस' ऐकण्यापलीकडे मी त्या कामात काही शिकलो नाही, आणि शिकावे असे वाटलेही नाही. ते होतेच ना...

अलीकडच्या काही वर्षांत त्यांच्या हातांना कंप सुटला. कपातला चहा बशीत सांडू लागला. अक्का कप अर्धाच भरू लागली. गाडी चालवणे त्यांनी आपणहून थांबवले. मालाची फेरी बंद झाली, पिकअप लिंबाखाली उभी राहिली. तरी नवमीचे काम त्यांनी सोडले नव्हते. मागच्या साली नवा प्लग त्यांच्या बोटांतून निसटला आणि फरशीवर पडून त्याच्या पांढऱ्या चिनीमातीला तडा गेला. असा प्लग वापरता येत नाही. त्यांनी तो उचलून पटकन सदऱ्याच्या खिशात टाकला. मी पाहिले, आणि पाहिले नाही असे दाखवले. त्या वर्षी दुकानातून एक प्लग जास्तीचा आणावा लागला.

यंदा नवमीला तो प्रसंग पुन्हा येऊ नये, असे मला मनापासून वाटले. आदल्या दिवशी दाजी देवळात गेले असताना मी मिस्त्री बोलावून चारही प्लग बदलून घेतले. नवमीच्या सकाळी दाजी बाहेर आले ते हातात ताट घेऊन. ताटात विभूती, फुले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली नव्या प्लगची खोकी... ती त्यांनी आधीच आणून ठेवली होती. मी हसत म्हणालो, "दाजी, ते काम उरकलंय. आता फक्त पूजा करायची." ते बॉनेटपाशी थांबले.

"मिस्त्री चांगला हाय का?"

"चांगला आहे."

"मंग बरं केलंस." त्यांनी ताट बॉनेटवर टेकवले. "त्याला बस कोन म्हनलं?"

"त्याच्याकडे मोजून आवळायचा पाना असतो, दाजी."

"असं हाय का," म्हणून तेही हसले. मग त्यांनी बॉनेटवर विभूतीची तीन बोटे ओढली. तिन्ही रेघा थरथरत उमटल्या. मी त्या वेळी स्वतःवर समाधानी होतो, हे आज लिहिताना लेखणी अडखळते. त्यांच्या हातातून प्लग पडण्याचे दुःख त्यांना होते की ते पाहण्याचे मला, हा प्रश्न मी स्वतःला तेव्हा विचारायला हवा होता.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "सवड झाली की ये. जरासं काम हाय. घाई न्हाई." मला वाटले, बँकेचा काहीतरी कागद असेल. घाई नाही असे त्यांनी म्हटले आणि मी ते खरे मानले.

ते गेले. समाधीवर माती देऊन झाली, विधी झाले, पाहुणे पांगले. काही आठवड्यांनी अक्का म्हणाली, "शिवा, गाडी एकदा चालू करून बघ. दारात मुकी उभी हाय, बघवत न्हाई." मी बॉनेट उघडले. चौथ्या प्लगची, केबिनजवळच्या त्या सगळ्यांत अवघड प्लगची वायर निघून बाजूला पडलेली होती. आधी वाटले, उंदराचे काम. मग प्लगला हात लावला, तर तो बोटांनीच फिरला. मी तो पूर्ण बाहेर काढून पाहिला. कोरा होता, आणि मिस्त्रीने लावलेल्या बनावटीचा नव्हता. केबिनमध्ये सीटवर दाजींची खोकी सापडली. तीनमध्ये त्यांनी आणलेले प्लग तसेच होते. चौथ्यात मिस्त्रीचा, नीट पुसून ठेवलेला.

अक्काला विचारले. ती म्हणाली, "एक दिवस दुपारभर बॉनेट उघडून उभे हुते. मी म्हनलं, कावून त्रास घेता? तर म्हनले, एक तरी लावतो. बाकीचं शिवा आल्यावर."

मी पुन्हा बॉनेटपाशी आलो. आत टॉर्च धरून पाहिले. आटे स्वच्छ होते. एकही वाकडा चढला नव्हता, कुठे ओरखडा नव्हता. कप धरता न येणाऱ्या त्या बोटांनी, आत डोके घालून, किती वेळा उलटा फिरवून तो आटा शोधला असेल... मला तो अंदाज करवत नाही. प्लग तळापर्यंत गेलेला होता. राहिला होता फक्त माझा आवळ.

मी तो पुन्हा बसवला, दाजी बसवत तसा: आधी उलटा, मग सुलटा. मला वेळ लागला. बोटांचे काम संपल्यावर पाना लावला आणि जोर देऊ लागलो. हात फिरत होता आणि थांबायचे कुठे ते मला कळत नव्हते. मी कान देऊन ऐकत होतो. आवाज काही येत नव्हता. डोळे भरून आल्याने समोरचे दिसत नव्हते, आणि तरीही पाना पुढे सरकतच होता.

ओट्यावर अक्का डाळ निवडत बसली होती. सुपातला तिचा हात थांबला. मान वर न करता ती म्हणाली, "बस."