ब्लॉक केलेली शेजारीण

अंबाडी नाक्यावर सुकी मासळी विकणाऱ्या मावशींकडे मोबाइल नाही, पण मोबाइलची भाषा सगळी आहे. फार घासाघीस करणारा त्यांच्या लेखी ‘स्पॅम’. मी नुसता बघून पुढे जातो, म्हणून मी ‘ब्लू टिकवाला’. परवा त्यांनी शेजारच्या भाजीवालीकडे हनुवटी उडवली.

“हिला ब्लॉक केलाय. आठ दिस झालं, बोलत न्हाय.”

तेवढ्यात भाजीवाली चहाला गेली आणि एक शेळी तिच्या मेथीत घुसली. मावशी कावळे हाकायची काठी घेऊन धावल्या. शेळीला हुसकावून, विस्कटलेल्या जुड्या नीट रचूनच परतल्या.

“मावशी, ब्लॉक केलंय ना?” मी विचारलं.

“तिला केलाय,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “मेथीनं माझं काय वाकडं केलंय?”