बायकोने घेतलेली लंगोटाची परीक्षा

भावांनो, आज दुपारी बायकोने, सारिकाने, मला कापड शिकवलं.

आम्ही गलाईवाले, गाव सोडून बनारसमध्ये सोनं गाळतो. आमची पोरगी आठ महिन्यांची. रोजच्या लंगोटाने तिच्या मांड्या लालभडक झालेल्या, रडणं ऐकवत नव्हतं. म्हणून मी चौकातून जाड, चकचकीत तयार लंगोट आणले.

सारिकाने गच्चीवर तीन कापडं मांडली. नवा लंगोट, टॉवेलचं कापड आणि माझी जुनी सुती लुंगी. प्रत्येकावर वाटीभर पाणी ओतलं. माझा लंगोट सगळ्यात आधी पाणी प्यायला.

"बघ, म्हणलं नव्हतं?" मी म्हणालो.

"अहो, पोरगी काय अधांतरी असते? बसते ना ती!"

तिने कोपराने दाबलं, तर लंगोटातून पाणी भसकन बाहेर. टॉवेलने धरून ठेवलं. लुंगी गळली, पण स्पर्शाला तीच मऊ. मग तिने आत लुंगी, बाहेर टॉवेल अशी घडी शिवली.

शाळा आम्ही दोघांनीही सोडलेली, पण हे डोकं माझ्याकडे नाही बुवा!

पोरगी आत्ता शांत झोपलीय. फक्त इथल्या धुक्यात टॉवेल वाळत नाही. तुम्ही काय करता? सांगा, सारिका विचारतेय.