वारा नसताना वाजणारी घंटी

मिसाओबाईंच्या इमारतीत कचरा टाकायला जाणारा माणूस आधी इकडेतिकडे बघून घेई. बाटली आणि तिचं झाकण एकाच पिशवीत गेलं, दह्याचा डबा न धुता टाकला, की संपलंच. मिसाओबाई ती पिशवी उचलून मालकाच्या दारात जात, घंटी वाजवत, कमरेतून वाकून नमस्कार करत आणि गोड आवाजात म्हणत, "तुमचं काहीतरी खाली राहिलं वाटतं." शिव्या परवडल्या, पण ही नम्रता नको, असं चौथ्या मजल्यावरचा एक तरुण म्हणायचा, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

जपानमधल्या कुमागायासारख्या गावात, जिथला उन्हाळा दरवर्षी देशभरच्या बातम्यांत झळकतो, तिथे या बाईंनी घरचा एसी बंद ठेवलेला होता. यामागे त्यांचे दिवंगत यजमान होते. ते आयुष्यभर खाडीकाठच्या वीजकेंद्रात होते, गॅस जाळून वीज करणाऱ्या. घरात कुणी दिवा उगाच चालू ठेवला की ते म्हणत, "आपल्या जमिनीखाली काय आहे? भूकंप. बाकी सगळं, हा गॅससुद्धा, जहाजातून येतं." ते गेल्यावर हे वाक्य मिसाओबाईंनी वारशात घेतलं. पुढे त्सुनामीच्या मोठ्या लाटेच्या वर्षी अणुकेंद्रं बंद पडली आणि भागाभागाने दिवे घालवायची पाळी आली, तेव्हा बाईंनी मनाशी शपथच घेतली. यजमानांनी आजारपणाच्या शेवटच्या उन्हाळ्यात बसवलेल्या एसीवर फुलाफुलांचं कापडी आवरण चढलं ते चढलंच.

ते आवरण शिवलं होतं शेजारच्या फुमीबाईंनी. फुमीबाई म्हणजे चिमणीएवढ्या. जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, आणि कुणाला आपला त्रास होऊ नये हा एकच धर्म पाळला. हसताना तोंडावर हात, खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी. दोघींच्या गॅलऱ्या शेजारी शेजारी, मध्ये एक पातळ फळी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं, की आग लागली तर ही फोडून पलीकडे जा, हिच्यापुढे सामान ठेवू नका. आगीच्या दरवर्षीच्या कवायतीत मिसाओबाई हे वाक्य सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत.

एसीऐवजी मिसाओबाईंकडे कारली होती. वसंतात नगरपालिका रोपं वाटे, बाई गॅलरीत जाळी बांधत, आंघोळीच्या टबातलं उरलेलं पाणी बादलीने घालत, आणि जुलैत खिडकीवर हिरवागार पडदा चढे. घरात मग गार वाटे, निदान बाई तसं सांगत. कारली मात्र इतकी लागत की सगळ्या इमारतीला पुरून उरत. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, हे त्या इमारतीने सोयाबीनच्या पनीरसोबत, अंड्यासोबत आणि लोणचं घालून, सर्व मार्गांनी पडताळून पाहिलं होतं. फुमीबाई दरवेळी दोन्ही हातांनी कारली घेत आणि "किती सुंदर" म्हणत. त्या ती खात होत्या का, ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात फुमीबाईंच्या गॅलरीतली घंटी फार वाजू लागली. साधी काचेची घंटी, आत लाल मासा रंगवलेला, खाली कागदाची पट्टी. वारा आला की किणकिण, ऐकूनच जिवाला जरा गार वाटतं. पण ही दुपारभर वाजे, कारल्याचं पान हलत नसताना. मिसाओबाईंना दोन दिवस कोडं पडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कठड्यावरून मान वाकडी करून पाहिलं, तर घंटी टांगलेली होती बरोबर एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर. डब्यातून निघणाऱ्या गरम हवेने ती हलत होती आणि तिच्या किणकिणाटात डब्याची घरघर बुडून जात होती. म्हणजे फुमीबाई चोरून एसी लावत होत्या.

मिसाओबाई आत जाऊन इतक्या हसल्या की खाली बसावं लागलं. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या बाजूची कारल्याची पानं पिवळी पडत चाललीत, आणि त्यांचं हसू मावळलं. तरी त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. समोरासमोर बोललेलं दोघींत राहतं.

पुढच्याच आठवड्यात तळमजल्यावर रहिवाशांची बैठक झाली. संध्याकाळी वीज जपून वापरा, असं वरून आवाहन आलं होतं. अध्यक्षांनी ते झोपेतल्यासारखं वाचलं. म्हाताऱ्या माणसांनी मात्र संकोच न करता एसी लावावा, असंही खाली लिहिलेलं होतं, पण तिथे पोचेपर्यंत निम्मी सभा पेंगत होती. मग मिसाओबाई उभ्या राहिल्या.

"आमच्या मजल्यावरच्या घंट्या फार हुशार आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना वारा लागत नाही. आपला वारा त्या आपणच काढतात."

सगळी सभा खदखदून हसली. फुमीबाईही हसल्या, तोंडावर हात धरून. मिसाओबाई जिना चढल्या त्या जरा तरंगतच.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली नाही. मिसाओबाईंनी हे आपल्या विजयात जमा केलं आणि थंड शेवया वाढून घेतल्या. पण दोन घासांतच वाडगा बाजूला सारला. बाहेर ऊन असं पडलं होतं की कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसले होते. त्यांनी रेडिओ लावला, बंद केला. गॅलरीत जाऊन पानांना पाणी मारलं. पलीकडे काठीवर सकाळचे कपडे तसेच वाळत होते, अगदी पापडासारखे झालेले. फुमीबाई कपडे वाळल्याबरोबर काढणाऱ्या. दुसऱ्याच्या डोळ्यांना आपल्या टॉवेलचा त्रास नको म्हणून.

"फुमी-सान?" बाईंनी फळीवरून हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग पुढच्या दाराशी जाऊन घंटी दाबली, दार ठोकलं. घरून फोन लावला, तो पलीकडे वाजत राहिलेला भिंतीतून ऐकू आला. त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला, पत्ता सांगितला आणि गॅलरीकडे धावल्या.

फळीपुढे कारल्याच्या दोन मोठ्या कुंड्या होत्या. हिच्यापुढे सामान ठेवू नका, असं सगळ्या इमारतीला वाचून दाखवणाऱ्या बाईंच्याच. ऊन तिथे चांगलं येत होतं, म्हणून. त्यांनी कुंड्या ओढल्या तशी वेलांसकट जाळी खाली आली, सगळा हिरवा पडदा अंगावर कोसळला. त्यातून बाहेर पडून त्यांनी फळीला लाथ मारली. चप्पल उडून रस्त्यावर गेली, फळीला काही झालं नाही. मग कपडे वाळत घालायची लोखंडी काठी दोन्ही हातांत धरली आणि देवळातली मोठी घंटा ओंडक्याने ठोकणाऱ्या भिक्षूसारखी मागे नेऊन आदळली. तिसऱ्या ठोक्याला फळी फुटली.

फुमीबाई शिलाई मशीनच्या पायाशी पडल्या होत्या. पंखा चालू होता आणि गरम हवा त्यांच्यावर ओतत होता. चेहरा लाल, ओठ कोरडे. मिसाओबाईंनी रिमोट शोधून एसी लावला, टॉवेल भिजवून त्यांच्या मानेला, काखेत लावले. फुमीबाईंनी डोळे अर्धे उघडले.

"मिसाओ-सान," त्या पुटपुटल्या, "घंटीचा त्रास होत होता ना तुम्हाला. माझं चुकलं."

बाहेर डबा घरघरला आणि घंटी वाजायला लागली. मिसाओबाईंना रडू फुटलं ते आवरेना. ॲम्ब्युलन्सची माणसं वर आली तेव्हा त्यांना कळेना, की यातली आजारी कोण.

फुमीबाई वाचल्या. सलाईनवर पडल्या पडल्या त्यांनी सगळ्या परिचारिकांची माफी मागून घेतली. मिसाओबाई भेटायला गेल्या त्या पहिल्यांदाच रिकाम्या हाताने, कारण कारलं एकही उरलं नव्हतं.

"माझ्या जिभेला हाड नाही," त्या म्हणाल्या. "चारचौघांत बोलायला नको होतं मी."

"बोललात ते खरंच होतं."

"खरं होतं म्हणूनच जास्त लागलं."

फुमीबाई उशीवर जरा वर सरकल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू? मला कारलं आवडत नाही." आणि तोंडावर हात न धरता हसल्या. दातांत एक फट होती, ती मिसाओबाईंनी इतक्या वर्षांत तेव्हाच पाहिली.

त्या घरी आल्यावर मिसाओबाईंनी स्टुलावर चढून फुलाफुलांचं आवरण काढलं, घडी घालून फुमीबाईंच्या हातात दिलं. दोघींनी दोन एसी लावण्यापेक्षा एकच लावायचा आणि दुपार एकत्र काढायची, असं ठरलं. जहाजालाही तेवढंच ओझं कमी, असं मिसाओबाई म्हणाल्या, कारण खोड जाते कुठे. काचेची घंटी आता त्यांच्या डब्यासमोर आली. ती वाजली की मिसाओबाईंकडे गार आहे, कुणीही यावं. हळूहळू खालच्या मजल्यावरच्या दोन आज्या येऊ लागल्या, मग अध्यक्ष आले आणि गार हवेत लगेच पेंगू लागले. फुटलेली फळी बदलायला माणूस यायचा होता. तोवर मिसाओबाईंनी त्या भोकावर जुनी चादर टांगून ठेवली.

ऑगस्ट उतरणीला लागला तशी एक सकाळ जरा ढगाळ उजाडली. मिसाओबाईंनी विचार केला, आज बरं आहे, दुपारपर्यंत थांबू. एसी बंद ठेवून त्या वाटाणे सोलत बसल्या. तेवढ्यात चादर हलली, आणि जन्मात कुणाच्या घरी न विचारता पाऊल न टाकलेल्या फुमीबाई भोकातून वाकून आत आल्या. चपला हातात, केस विस्कटलेले.

"घंटी वाजली नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"अहो, आज ढग आहेत. म्हटलं तेवढीच वीज वाचेल."

फुमीबाईंनी खोलीच्या मधोमध उभं राहून आधी मिसाओबाईंना नीट न्याहाळलं. बाई ठीक आहेत हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्या रागावल्या.

"ते जहाज एवढ्या लांबून येतं, ते कुणासाठी येतं, मिसाओ-सान? लावा तो."

मिसाओबाईंनी निमूटपणे रिमोट उचलला. घंटी वाजली तेव्हा फुमीबाईंनी चपला दाराशी नेऊन ठेवल्या आणि वाटाण्याचं टोपलं आपल्याकडे ओढलं.