श्रावणातलं रक्त

आमच्या साडूंइतका स्वतःच्या तब्येतीवर खूश असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडला नसता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. स्वतःची बोट, मासळीचा धंदा, आणि अंगकाठी अशी की सदरा खुंटीला टांगलाय असं वाटावं. आणि मी पाटावर बसलो की पाट दिसायचा नाही. दर रविवारी मी मासळीला मिरकरवाडा बंदरावर गेलो की हे महाशय हातातला माल टाकून मला मासळीच्या वजनकाट्यावर उभं करायचे आणि लिलावाच्या सुरात ओरडायचे, "पंच्याण्णव किलो! बोला, कोण घेतो?" कोळणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मग स्वतः चढायचे आणि ऐटीत म्हणायचे, "साडूभाऊ, हार्ट अटॅक चरबी बघून येतो हो. आमच्याकडे येऊन खाणार काय तो?" मला अस्सा राग यायचा! पण लगेच ढिगातली सगळ्यात ताजी सुरमई माझ्या पिशवीत पडायची. या माणसावर धड चिडायचीही सोय नव्हती.

रक्त मात्र ते दरवर्षी तपासून घ्यायचे, तेही न चुकता श्रावण सरता सरता. श्रावणभर मासे नाहीत, बाटलीला हात नाही, विडीसुद्धा बंद. वरणभात आणि अळूचं फदफदं. असं महिनाभर सोवळं झालेलं रक्त द्यायचं, आणि साखर, कोलेस्टेरॉल सगळं जागच्या जागी असल्याचा कागद पुढे वर्षभर खिशातून काढून मिरवायचा. गौरी गेल्या की पुन्हा तळलेल्या तुकड्या, पेला आणि विडी. ताई, म्हणजे त्यांची बायको, जीव तोडून सांगायची, "अहो, एकदा माघात करा की तपासणी!" उत्तर ठरलेलं. "पाहुणे यायचे म्हटल्यावर तू घर झाडतेस ना? मग?"

मला ही लबाडी वाटायची. ती भीती होती. त्यांचे वडील आणि थोरले भाऊ, दोघेही असेच काटकुळे, ऐन पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेले. हे ते कधी बोलायचे नाहीत. एकदाच, भाट्याच्या किनाऱ्यावर बसलो असताना म्हणाले, "वाईट काही लिहून आलं, तर मी बोटीवर पाय कसा ठेवू हो?" मी तोंड उघडायच्या आत उठून कपडे झाडले. "चला, वाळूत रुताल."

यंदा माघात साधी चढण चढताना त्यांना धाप लागायला लागली. "गॅस हो," म्हणायचे. ताईने ऐकलं नाही. रडली, जेवण सोडलं. तेव्हा कुठे "सोमवारी जाऊ" म्हणून कबूल झाले. रविवारी नेहमीसारखं त्यांनी मला काट्यावर चढवलं. "पंच्याण्णव किलो! बोला..." एवढंच म्हणाले आणि माझ्या पायाशी बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सगळं उत्तम असल्याचा तो कागद खिशात तसाच होता. अहो, काय करायचं होतं त्या कागदाचं आता!

त्यांचा मुलगा लोट्याला कंपनीत आहे. बापासारखाच शिडशिडीत. ताईने तपासणीचं काढलं तर म्हणतो, "मला काय धाड भरलीय? आणि सुतकात पंधरा दिवस गोडंच, मासळीशिवाय जेवलोय, करायचीच तर आत्ताच करतो."

"आत्ता नाही," ताई म्हणाली. "तुझ्या बाबांनी जन्मभर श्रावणातलं रक्त दिलं. तू चार आठवडे रोजच्यासारखा जेव, आणि मग रोजचं रक्त दे."

रिपोर्ट आणायला मीच गेलो. पोराच्या रक्तातली चरबी भलतीच चढलेली. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आणि पथ्य नीट पाळलं तर घाबरण्यासारखं नाही." येताना बंदरावरून आलो. काटा दिसला तसे पाय थांबले. कुणी हाक मारली नाही. ताईला कसं सांगावं याची जुळवाजुळव करतच घरात शिरलो, पण तिने माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. हातातून रिपोर्ट घेतला, देवापुढे ठेवला आणि हात जोडले.

"वाईट आला," ती रडत रडत म्हणाली, "एकदाचा वाईट आला रे देवा!"