टेलर चाचांची बोटं

हातात रोहू आला, की टेलर चाचा आधी डोळे मिटायचे. कल्ल्यामागचा पर चिमटीत धरून हलकेच चोळायचे आणि सांगायचे, नर की मादी. पावसाळ्याच्या तोंडावर नराचा तो पर खरखरीत होतो, मादीचा मऊच राहतो. नदीवरचे बाकीचे लोक पोट बघून अंदाज बांधायचे. चाचांना त्याची गरज नव्हती. "एक मांजरपाट, एक मलमल. डोळं कशाला लागत्यात?" एवढंच म्हणायचे. मादी निघाली, की ती परत पाण्यात जायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वडगाव रासाईला राहायचो आणि रांजणगावच्या एका कारखान्यात सेकंड शिफ्टला जायचो. सकाळ मोकळी, म्हणून गळ घेऊन भीमेवर. चाचांचं गावात एका मशीनचं दुकान होतं. रेडिमेड कपडे आल्यापासून चेन बदलणं आणि पँटची उंची कमी करणं एवढंच काम उरलेलं. तेही सकाळी नदीवर असायचे, पोत्यावर मांडी घालून, गप्प. मी गेलो की पोतं थोडं सरकवून मला जागा करायचे.

एका जूनमध्ये माझ्या गळाला तीन-साडेतीन किलोचा रोहू लागला. त्या दिवशी माझे साडू जेवायला येणार होते. चाचांनी पर चोळला आणि म्हणाले, "भाऊ, भरल्याली हाय. सोडा हिला."

मी हसलो. पाहुण्यांना गाबोळी आवडते, असं काहीतरी बोललो. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. मासा माझ्या पिशवीत घातला आणि स्वतःचा गळ गुंडाळून घरी निघून गेले. घरी मासा कापला, तर पोटात दोन्ही बाजूंना अंड्यांची गाबोळी गच्च भरलेली. सगळ्यांनी चवीनं खाल्ली. मीही खाल्ली.

आठवड्याने पँट आणायला गेलो, तर दुकानात चाची एकट्याच होत्या. मी सहज म्हणालो, चाचा माझ्यावर रागावलेत वाटतं. रागावले नाहीत, म्हणाल्या, आणि मग नसीमचं सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी. आठव्या महिन्यात माहेरी आली असताना अंगावरून रक्त जायला लागलं. जीपमध्ये घालून दौंडला निघाले, पण भीमेला पूर होता, पुलावरून पाणी चाललेलं. लांबच्या रस्त्याने वळसा घेतला. नसीम रस्त्यातच गेली, पोटातल्या बाळासकट. चाचांच्या मांडीवर तिचं डोकं होतं. "त्याच नदीवर जाऊन बसत्यात," चाची म्हणाल्या. "मी कवा इचारलं न्हाई."

त्यानंतर मी नदीवर गेलो, तेव्हा चाचांनी नेहमीसारखं पोतं सरकवलं. माफी मागावी असं फार मनात होतं. ते मला कधीच जमलं नाही.

पुढच्या काही वर्षांत चाचांच्या साखरेने जोर धरला. आधी पायाची बोटं बधिर झाली, मग हाताची. सुई टोचून रक्त आलं, तरी त्यांना कळायचं नाही. गिऱ्हाइकाच्या शर्टावर डाग पडायला लागले, तेव्हा त्यांनी मशीन विकलं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना एक रोहू लागला. त्यांनी डोळे मिटून पर चोळला. बराच वेळ चोळत राहिले. मग मासा माझ्यापुढे धरला.

"तुम्ही बघा. मला काय लागंना."

मी चोळला. चांगला खरखरीत होता. "मऊ आहे चाचा," मी म्हणालो.

त्यांनी मासा पाण्यात सोडला. पाणी हलायचं थांबेपर्यंत तिकडे बघत बसले. "नर हुता न्हवं?" त्यांनी विचारलं. मी माझ्या गळाला आमिष लावायला लागलो. "असू द्या," म्हणाले.

त्यानंतर ते नदीवर आले नाहीत. दिवाळीनंतर त्यांचा पुतण्या दोघांना यवतला घेऊन गेला. येतो भेटायला, असं मी म्हणालो होतो. पण शिफ्ट, ओव्हरटाइम, असं करत हिवाळा गेला. पोचलो, तेव्हा दफन होऊन नऊ दिवस झाले होते.

चाचींनी चहा ठेवला. शेवटी फार त्रास झाला का, मी विचारलं. न्हाई, म्हणाल्या. नजरही गेली होती, नुसते पडून असायचे.

"हात हातात घेतला, तरी त्यास्नी कळायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मग मी आपली बोलत ऱ्हायची. म्हंजी मी हाय, एवढं तरी कळावं."