लेकींचे गोल

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. भाऊ एवढंच म्हणाला, "मालती गेली गं..." तव्यावरची भाकरी करपली तरी मला हलता येईना. आज महिना उलटून गेला. नणंदेनं भावजयीचं कौतुक करावं हे आमच्याकडे ऐकिवात नाही; पण मी करणार, आणि हात राखून करणार नाही.

डॉ. मालती सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या घरी सून म्हणून आली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. तिचा विषय मूत्रपिंडाचा. त्यात पाण्याच्या गाठी होत जातात, पोट फुगतं, रक्तदाब चढतो आणि माणूस ऐन उमेदीत जातो, असा एक पिढीजात आजार आहे. आई-बापापैकी एकाला असला, तर तो मुलात उतरणं म्हणजे छापा-काटा. मुलगा असो की मुलगी. हे पुस्तकात होतं. आपल्या सोलापूरकडच्या घराण्यांत तो कसा उतरत आलाय, हे वहिनीला पाहायचं होतं. सुट्टी आली की ती एसटीनं गावोगाव निघे. सुनेनं एकटीनं हिंडू नये म्हणून आईनं मला बरोबर धाडलं. मी राखणीला गेले आणि तिची चेलीच होऊन बसले.

मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवरची सखू मला आजही दिसते. नवरा याच आजारानं नुकताच गेलेला, आणि सासू कोंडाबाई तिला लहानग्या लेकीसकट कायमची माहेरी घालवायला निघालेली. गाठोडं दारात बांधून तयार होतं. "पांढऱ्या पायाची हाय ही. आमच्या घरात असलं दुकनं कंदी कुनालाच न्हवतं," म्हातारी ठणकावत होती. वहिनीनं घरातली माणसं विचारली. म्हातारीनं आजेसासऱ्यापासूनची नावं घडाघडा सांगितली; तिचा नवरा तरुणपणीच विहिरीत पडून गेला होता, तेही सांगितलं. सगळे पुरुष. वहिनी म्हणाली, "आणि आजी, लेकी?"

"लेकी? त्या दिल्या घरच्या की! त्यास्नी कशाला मोजायचं?"

मग बोलता बोलता निघालं, नातेपुत्याला दिलेली तिची नणंद, म्हणजे नवऱ्याची सख्खी बहीण, लवकर वारली होती. "प्वाट फुगून," म्हातारी सहज बोलून गेली... वहिनीनं तिचे हात धरले. "मी परत येईपर्यंत सुनेला कुठं धाडू नका. एवढं ऐका माझं."

पुढच्या सुट्टीला आम्ही नातेपुत्यात. त्या नणंदेच्या मुलाच्या कुशीत वहिनीच्या हाताला तेच गाठाळ मूत्रपिंड लागलं, आणि नंतर एक्स-रेनंही तेच सांगितलं.

परत वस्तीवर गेल्यावर वहिनीनं रांगोळी आणि गेरू मागून घेतला. तिला रांगोळी कधीच आली नाही, आईनं त्यावरून तिला सोलून काढलं होतं. पण त्या दिवशी अंगणात तिनं अख्खं घराणं मांडलं. पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल, आणि आजार असेल त्यात गेरू. नणंदेच्या गोलात गेरू, तिच्या मुलाच्या चौकोनात गेरू, सखूच्या नवऱ्याच्याही. मग कोंडाबाईच्या नवऱ्याचा चौकोन भरत ती म्हणाली, "बहिणीत आहे, मुलात आहे, म्हणजे यांनाही होता. दिसायच्या आधीच गेले, एवढंच." सखूचा गोल पांढराच राहिला.

म्हातारी उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत होती. "म्हंजी आमच्याच आडात हाय," ती पुटपुटली. "मग पोहऱ्यात येनारच की."

"यात दोष कुणाचाच नाही, आजी."

"सखे," म्हातारी वर न बघता म्हणाली, "ते गठुडं घरात ने."

त्या लेकींच्या गोलांवर वहिनीचा शोधनिबंध उभा राहिला. तो परदेशात छापून आला तेव्हा भाऊनं पेठेत पेढे वाटले. शेजारच्या नरसम्मांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "औषद सापडलं काय?" वहिनी म्हणाली, "नाही हो, वाट सापडली." औषध सापडलं नाही हे तिला शेवटपर्यंत सलत राहिलं. माझा ऊर मात्र त्या वाटेनंच भरून येतो.

वहिनीला मूल झालं नाही. "मालतीबरोबर तिची रेघ संपली," असं तेराव्याला कुणीसं बोललं, आणि मला असा राग आला की विचारू नका. परवा मी भाऊकडे असताना सखूची लेक तारा भेटायला आली. आजार तिच्यातही उतरलाय. पण लहानपणापासून वहिनीच्या नजरेखाली राहिली, रक्तदाब सांभाळला, आणि बापाला न दिसलेली पन्नाशी तिनं ओलांडली. वहिनीच्या खिडकीत रांगोळीचा डबा आणि गेरूची पुडी अजून तशीच आहे. तारानं दोन्ही उचललं. पुढच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर एक गोल काढला, त्याखाली रेघ ओढली, रेघेच्या टोकाला दुसरा गोल काढला आणि त्यात गेरू भरला.

"ह्या डाक्टरीणबाई," ती म्हणाली, "आनि ही मी."

भाऊ तेव्हापासून मागच्या दारानं ये-जा करतोय.